अबलखरावांचे निरोप समारंभ

एका जंगलात पोलोचं वेड शिरलं होतं. ते कुठून शिरलं, कुणी आणलं, असले प्रश्न विचारू नका, बालमित्रांनो. वेड काही दार वाजवून आत येत नाही.

आता पोलो म्हणजे काय? अगदी सोपं आहे. घोड्यानं धावायचं. घोड्यावर माकडानं बसायचं. माकडाच्या हातात एक लांब काठी असते. तिनं त्यानं चेंडू हाणायचा. चेंडू दोन खांबांच्या मधून गेला की माकडाला चषक मिळतो. घोड्याला पाणी मिळतं.

या खेळाच्या एका डावाला चक्कर म्हणतात. माकडाची चक्कर डाव संपला की संपते. घोड्याची त्यानंतरही बराच वेळ चालू राहते.

तर त्या जंगलात अबलख नावाचा एक घोडा होता. अंगावर काळीपांढरी ठिगळं, छाती रुंद, पाय आखूड आणि डोळे शांत. मिसरूड फुटायच्या वयात तो मैदानात उतरला होता. घोड्यांना मिसरूड फुटत नाही, हे तुम्हाला माहीत असेल तर गप्प बसा आणि पुढे ऐका.

अबलखच्या पाठीवर कर्नल हुप्पे बसत. हे एक वानर होते. कर्नल ही पदवी त्यांना कुणी दिली होती, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्यांची शेपटी इतकी ताठ असे की विचारायची कुणाची छाती झाली नाही. हुप्पेसाहेब काठी जोरात फिरवत. ती फिरवत तिथे चेंडू नसे. मग अबलख जरासा तिरका होई, चेंडू काठीच्या वाटेत येई, आणि गोल होई. लोक हुप्पेसाहेबांच्या नावानं आरोळ्या ठोकत.

अबलखची काही तक्रार नव्हती. तक्रार करायला तोंड मोकळं लागतं. त्याच्या तोंडात सदा लगाम.

एकदा काय झालं, अंतिम सामना ऐन रंगात आला होता. बरोबरी झालेली. अबलख भरधाव निघालेला. समोर खांब, मध्ये कुणीही नाही. हुप्पेसाहेबांनी काठी उचलली. सगळं जंगल उभं राहिलं.

आणि अबलख थांबला.

खांबांच्या अलीकडे हिरव्यागार गवताचा एक झुबका होता. कोवळा, लुसलुशीत, वर दवाचे थेंब. अबलखनं मान खाली घातली आणि लगामाच्या बाजूनं कसाबसा तो झुबका खाल्ला.

हुप्पेसाहेब मात्र थांबले नाहीत. ते तसेच पुढे गेले. अबलखच्या डोक्यावरून, हवेतून, थेट दोन खांबांच्या मधून.

पंच गोंधळले. चेंडू गेला असता तर गोल झाला असता. खेळाडूच गेला तर काय करायचं, ते नियमात कुठे सांगितलेलंच नव्हतं.

हुप्पेसाहेब धूळ झटकत आले. "काय रे हे, अबलख्या?"

"गवत, साहेब."

"गवत आहे ते मलाही दिसतंय! पण ही काय खायची वेळ?"

"साहेब, जन्मभर मी गवतावरून धावलो. गवतात कधी थांबलो नाही. आता मला चरायचंय."

"बरं, मध्यंतरात चर."

"मध्यंतरात नाही साहेब. कायमचं."

हुप्पेसाहेबांची शेपटी पहिल्यांदाच जरा वाकली.

अबलखच्या मनात हे बरेच दिवस घोळत होतं. मैदानाच्या खालच्या अंगाला एक ओढा होता. ओढ्यापलीकडे कुरण होतं. त्या कुरणात भागाबाई नावाची एक गाढवीण राहायची. अबलख आणि ती लहानपणी एकाच माळावर बागडले होते. पुढे अबलख पोलोत गेला आणि भागाबाई वाळू वाहण्यात गेली. आता ती काहीच वाहत नव्हती. सकाळी चरायची, दुपारी लोळायची, आणि संध्याकाळी ओढ्याच्या काठावर येऊन ओरडायची.

"अबलख्या! गवत कोवळं आहे तोवर ये रे! एकदा वाळलं की त्याचे झाडू करायचे फक्त!"

गाढविणीचा आवाज. तो मैदानातच काय, सिंहमहाराजांच्या गुहेतही ऐकू जाई. महाराज कूस बदलत आणि पुन्हा झोपत.

अबलखला निवृत्त करायचं, असं पोलो मंडळानं ठरवलं. आता, नुसता लगाम काढून "जा बाबा" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण त्या जंगलात कुठलीही गोष्ट नुसती करायची पद्धत नव्हती. म्हणून सत्कार समिती नेमली गेली. समितीच्या अध्यक्षस्थानी एकशिंगेसाहेब नावाचे एक गेंडे आले. ते सगळ्याच समित्यांच्या अध्यक्षस्थानी येत. एकदा बसले की त्यांना उठवणं अवघड जाई, म्हणून पुढची समितीही तिथेच भरे.

झाडाझाडांवर फलक लागले. मधोमध एकशिंगेसाहेब. उजवीकडे काठी उंचावलेले हुप्पेसाहेब. वर ढगांमध्ये झोपलेले महाराज. खाली शुभेच्छुकांचे ओळीनं चेहरे, त्यांत दोन बेडूक आणि एक कुणीतरी हात जोडलेलं. एका कोपऱ्यात काळापांढरा कान दिसत होता. तो अबलखचा असावा.

समारंभाला सगळं जंगल लोटलं. सूत्रसंचालन खदखदे नावाच्या तरसाकडे होतं. आवाज मोठा म्हणून त्याला हे काम मिळालं होतं. पण तरस पडला तो! गहिवरून बोलायची जागा आली की त्याला हसू फुटायचं.

"आज आपल्याला एका थोर घोड्याचा निरोप घ्यावा लागतोय," खदखदे म्हणाला, "या दुःखद प्रसंगी... हीहीही... मन अगदी... हीहीहीही... जड झालंय."

त्यानंतर हुप्पेसाहेब बोलले. त्यांनी आपण मारलेला प्रत्येक गोल सांगितला. वारा कुठून होता तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "या सगळ्या काळात एक घोडाही माझ्यासोबत होता." टाळ्या पडल्या.

मग एकशिंगेसाहेब उठले. उठायला वेळ लागला, तोवर लोकांनी पाणी पिऊन घेतलं.

"ज्यांच्या टापांनी हे मैदान थरारलं," एकशिंगेसाहेब म्हणाले, "ज्यांनी ऊन पाहिलं नाही, पाऊस पाहिला नाही, ज्यांच्या जाण्यानं एक पोकळी निर्माण होणार आहे, असे आमचे अबलखराव!"

अबलखनं मागे वळून पाहिलं. हे अबलखराव कोण, ते त्याला कळेना. जन्मभर त्याला अबलख्या म्हणत. जायच्या दिवशी राव लागलं होतं.

मग शाल आली. नारळ आला. आणि मंडळातर्फे एक खास भेट आली. ती होती आरामखुर्ची.

"आता निवांत बसा," एकशिंगेसाहेब म्हणाले.

घोडे उभ्यानं झोपतात, बालमित्रांनो. पण हे सांगायचं कसं? इतक्या लोकांनी इतक्या प्रेमानं दिलेली खुर्ची. अबलखराव म्हणाला, "फार छान आहे." मग ती खुर्ची त्याच्याच पाठीवर बांधून त्याला निरोप देण्यात आला.

दुसऱ्या दिवशी अबलखराव कुरणाकडे निघाला. अंगावर शाल, पाठीवर खुर्ची, मनात गवत. ओढा दिसू लागला. तेवढ्यात झुडपातून ससे निघाले.

"अबलखराव, थांबा! आमच्या तरुण मंडळातर्फे तुमचा सत्कार आहे."

"कालच झाला की."

"तो पोलो मंडळाचा. आमचा राहिलाय."

सशांनी त्याला धावण्याचं रहस्य विचारलं. तो म्हणाला, "पाठीवर माकड बसवा." सशांनी हे वाक्य पिंपळाच्या पानांवर लिहून सगळीकडे वाटलं. त्याचा खोल अर्थ काय असेल, यावर परिसंवाद झाला.

त्याच्या पुढच्या दिवशी टिटव्यांच्या मंडळानं त्याची जाहीर मुलाखत घेतली. प्रश्न टिटव्याच विचारत होत्या आणि उत्तरंही टिटव्याच देत होत्या. मुलाखत फार रंगली. मग ज्येष्ठ कासव संघाचा निरोप समारंभ झाला. संघाचे वक्ते सकाळी "अध्यक्षमहाशय" म्हणाले आणि दुपारपर्यंत "आणि उपस्थित" इथवर पोचले. मग घोरपडी आल्या. मग मुंगसं आली. मुंगसांनी केला म्हणून सापांनी केला.

प्रत्येक ठिकाणी शाल आणि नारळ. अबलखराव लांबून बघितलं तर चालतंबोलतं कापडाचं दुकान वाटू लागला. नारळ मात्र साठले नाहीत. प्रत्येक सत्काराला हुप्पेसाहेब हजर असत आणि शेवटी नारळ घेऊन जात. घोड्याला नारळ फोडता येत नाही, याची त्यांना फार काळजी वाटे.

संध्याकाळी भागाबाई काठावर यायची.

"अबलख्या! निघालास का रे?"

"निघालो होतो! वाटेत चिचुंद्र्या भेटल्या!"

"मग?"

"त्यांचा पण आहे! परवा!"

"अरे, गवताला तुरे आले!"

"एवढा एक झाला की येतोच!"

पण तेवढ्यावर भागलं असतं तर मग काय हवं होतं! पोलो मंडळानं त्याला सन्माननीय सल्लागार नेमलं. काम काहीच नव्हतं. फक्त रोज सकाळी मैदानाच्या कडेला येऊन उभं राहायचं. नवा चेंडू आला की त्याला खूर लावायचा. नव्या शिंगराला "शाबास" म्हणायचं. फीत कापायची असेल तर दातांनी कापायची. अबलखरावानं इतक्या फिती चावल्या की त्याच्या पोटात धागे झाले.

खेळत असताना तो निदान रात्री तरी निवांत असायचा. निवृत्त झाल्यापासून त्याला श्वास घ्यायला वेळ मिळेना. बरगड्या दिसायला लागल्या. पण शालींमुळे त्या कुणाला दिसत नव्हत्या.

एका दुपारी भागाबाईच ओढा ओलांडून आली. अबलखराव आंब्याखाली उभा होता. शेजारी त्याची आरामखुर्ची होती. तिच्यावर एक सरडा आराम करत होता.

भागाबाईनं त्याच्या अंगावरच्या शाली एकेक करून ओढून काढल्या. शेवटची निघाली आणि आतला घोडा दिसला तेव्हा ती जरा वेळ बोललीच नाही. भागाबाई बोलत नाही, ही गोष्ट जंगलात प्रथमच घडत होती.

मग ती म्हणाली, "काय दशा करून घेतलीस रे. तुला कुरणात यायचंय की नाही?"

"यायचंय गं. स्वप्नातसुद्धा गवतच दिसतं."

"मग या लोकांना नाही का म्हणत नाहीस?"

अबलखराव ओशाळला. "खरं सांगू का, भागे? मला ते येत नाही. लगाम उजवीकडे ओढला की उजवीकडे वळायचं. डावीकडे ओढला की डावीकडे. ढील दिली की पळायचं. सगळ्याला खुणा आहेत. 'नाही' म्हणायची खूणच मला कुणी शिकवली नाही."

"आता तर लगामही नाही."

"शालीलाही ओढता येतं की."

भागाबाई त्याच्या शेजारी बसली. "माझी निवृत्ती कशी झाली, माहितीये तुला?"

"समारंभ झाला होता का?"

"कसला समारंभ! मी एका अस्वलाची वाळू वाहायची. एके दिवशी गोणी घेऊन ओढ्यापर्यंत आले आणि उभी राहिले. अस्वल म्हणालं, चल. मी उभी. त्यानं ढकललं. मी उभी. ओढलं, हाणलं, मग रडलं, मग गूळ दाखवला. गूळ खाल्ला मी, पण उभी राहिले. शेवटी अस्वलच कंटाळून निघून गेलं. झाली निवृत्ती."

"ते बरं दिसतं का पण?"

"दिसायला वाईटच दिसतं," भागाबाई म्हणाली. "लोक गाढव म्हणतात. मी गाढवच असल्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. तुला थोडं जड जाईल."

मग तिनं त्याला शिकवलं. चारही पाय फाकून रोवायचे. मान खाली. कान मागे. आणि दूर कुठेतरी बघत राहायचं, जणू आपल्याला काही ऐकूच येत नाही. अबलखरावाला पाय जमले, मान जमली. कान काही जमेनात. कुणी बोलायला लागलं की ते आपोआप अदबीनं पुढे यायचे.

"राहू दे," भागाबाई म्हणाली. "वेळ आली की जमेल."

वेळ लगेचच आली. समितीनं महासत्कार जाहीर केला. आजपर्यंतच्या सगळ्या सत्कारांना उपस्थित राहिल्याबद्दल अबलखरावांचा सत्कार, असं त्याचं स्वरूप होतं.

मोठी मिरवणूक निघाली. पुढे बेडकांचं बँडपथक. मागे अबलखराव, झूल घातलेला, गळ्यात शाल, शालीचं टोक हुप्पेसाहेबांच्या हातात. त्यामागे एकशिंगेसाहेब, मग सगळं जंगल. खदखदे दोन्ही बाजूंना हसत चालला होता. मिरवणूक मैदानाला वळसा घालून ओढ्याच्या काठानं निघाली. पलीकडे कुरण होतं. ते आता हिरवं नव्हतं. पिवळं पडत चाललं होतं.

अबलखरावानं ते पाहिलं आणि तो उभा राहिला.

बँड पुढे निघून गेला. मागचे मागून येऊन आदळले.

"काय झालं?" एकशिंगेसाहेबांनी विचारलं.

"काही नाही."

"मग चला."

"नाही," अबलखराव म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून इतका बारीक निघाला की कुणाला ऐकूच गेला नाही. त्याला तो पुन्हा म्हणावा लागला. "नाही."

हुप्पेसाहेबांनी शाल उजवीकडे ओढली. अबलखरावाचं सगळं अंग उजवीकडे वळायला शिवशिवलं. त्यानं पाय रोवले. साहेबांनी डावीकडे ओढली. त्यानं मान खाली घातली. मागून एका हत्तीनं हळूच रेटलं. एकेक खूर मातीत रुतत गेला.

"कान!" पलीकडून भागाबाई किंचाळली. "कान मागे घे रे!"

अबलखरावानं डोळे मिटले आणि कान मागे घेतले.

जमावात कुजबुज झाली. इतका सभ्य घोडा, आणि हे काय?

"अहो, मंडप घातलाय," एकशिंगेसाहेब म्हणाले.

"राहू द्या."

"भाषणं तयार आहेत."

"तीही राहू द्या."

"आणि अल्पोपाहार?"

"तो करा."

एकशिंगेसाहेबांचा चेहरा पडला. गेंड्याचा चेहरा पडला की खूप मोठा पडतो. "म्हणजे सत्कार रद्द?" ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका कापरा झाला की अबलखरावाचे कान पुन्हा पुढे आले. क्षणभर त्याला वाटलं, जावं. एकच तर आहे. शेवटचाच.

पण एकशिंगेसाहेबांची नजर तोवर दुसरीकडे गेली होती. ओढ्यात एक रेडा बसला होता. डोळ्यांपर्यंत पाण्यात.

"अहो," एकशिंगेसाहेबांनी हाक मारली, "आपण काय करता?"

"डुंबतो," रेडा म्हणाला.

"कधीपासून?"

"आठवतंय तेव्हापासून."

"प्रदीर्घ सेवा!" एकशिंगेसाहेब गहिवरले. "आणि आजवर कुणी दखल घेतली नाही! या, या, बाहेर या."

रेडा बाहेर आला. हुप्पेसाहेबांनी अबलखच्या गळ्यातली शाल काढून त्याच्या ओल्या पाठीवर टाकली. "नारळ फोडता येतो का तुम्हाला?" त्यांनी आधी विचारून घेतलं. रेडा नाही म्हणाला. बँड परत आला. मिरवणूक हलली. जाताना एकशिंगेसाहेबांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि "अबलख्या, जरा वाटेतून बाजूला हो," एवढंच म्हणाले.

थोड्याच वेळात काठावर कुणी उरलं नाही. आंब्याखालची आरामखुर्चीही नेली होती. ती रेड्याला द्यायची होती.

अबलख हळूहळू पाण्यात उतरला आणि पलीकडे चढला. तेवढ्यात मंडपातून भाषण ऐकू आलं.

"ज्यांच्या डुंबण्यानं हा ओढा थरारला! ज्यांनी ऊन पाहिलं नाही, पाऊस पाहिला नाही! ज्यांच्या जाण्यानं एक पोकळी निर्माण होणार आहे, असे आमचे रेडेराव!"

टाळ्या पडल्या. अबलखसाठी पडल्या होत्या तेवढ्याच. खदखदे हीहीही करत होता.

अबलख ऐकत राहिला. "भागे," तो म्हणाला, "ते माझं भाषण आहे."

"होतं," भागाबाई म्हणाली.

"आणि त्याला अगदी चपखल बसतंय."

"ते कुणालाही बसतं रे. मलासुद्धा बसेल."

अबलखला वाईट वाटलं. बराच वेळ तो मंडपाकडे बघत उभा होता. भागाबाईनं त्याला बघू दिलं. तिनं घाई केली नाही. मग त्याचं त्यालाच कसंसं वाटलं असावं, कारण त्यानं पाठ फिरवली, मान खाली घातली आणि पहिला घास घेतला.

गवत वाळलेलं होतं. तोंडात कुरकुर वाजलं.

"कसं लागतंय?" भागाबाईनं विचारलं.

"जुन्या वहाणेसारखं."

"मग टाक की थुंकून."

"थांब गं," अबलख तोंडातलं चावत म्हणाला, "मधे बोलू नकोस. खातोय."

तात्पर्य : बालमित्रांनो, जन्मभर इमानेइतबारे काम केलं, कुणाला कधी दुखावलं नाही, की शेवटी खुर्ची मिळते. चरायला हवं असेल तर मात्र थोडं वाईट वागावं लागतं. तेव्हा घोड्यासारखं धावायला जरूर शिका, पण अधूनमधून एखाद्या गाढविणीकडे शिकवणी ठेवा. इतकं मोलाचं तात्पर्य सांगितल्याबद्दल कुणाला आमचा सत्कार करावासा वाटला, तर रविवारी सकाळी आम्ही मोकळेच असतो. आणि नारळ आम्हाला फोडता येतो.